सूर कोठें असतो?

एखादी ओळखीची चाल आपण किती निरनिराळ्या रूपांनीं ऐकतों याचा विचार केला म्हणजे मोठें आश्चर्य वाटतें. आपलें राष्ट्रगीतच घ्या. शाळेच्या पटांगणावर पांचवींतील मुलें तें किनऱ्या आवाजांत गातात. त्यांच्यामागें उभे असलेले शिक्षक तेंच भारदस्त, खालच्या आवाजांत गातात. पोलिसांच्या बँडांतील पितळी वाद्यें शब्दांचा आधार सोडून तेंच वाजवितात. आणि एखादा खोडकर मुलगा घरीं जातांना तेंच शिळेवर घालूं लागला तर वडील मंडळी त्याला ताबडतोब दटावतात, कारण शिळेंतहि तें ओळखूं येतें! मुलाचा एकहि स्वर शिक्षकाच्या स्वराच्या उंचीचा नसतो. पितळेच्या कर्ण्याचा ध्वनि या दोघांच्याहि कंठाशीं नातें सांगत नाहीं. आवाज निराळा, पट्टी निराळी, वाद्य निराळें, असें सर्वच निराळें असतांना ‘तेंच’ म्हणून जें आपण ओळखतों, तें नेमकें काय आणि तें कोठें असतें? कंठांत, तारेंत, हवेंत, कीं कानांत?

हा प्रश्न मला केवळ शास्त्राच्या जिज्ञासेनें पडलेला नाहीं. आमच्या घरांतील एका लहान मुलीच्या सुखदुःखाशीं त्याचा निकट संबंध आला, आणि म्हणून त्याचें उत्तर शोधणें मला अगत्याचें वाटलें. तिची हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं ज्या वाटेनें मी गेलों, ती वाट वाचकांना दाखवावी असें मनांत आहे.

प्रथम ध्वनीचें बाह्य रूप पाहूं. तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे ती थरथरूं लागते, तिच्या धक्क्यांनीं भोंवतालची हवा आळीपाळीनें दाबली जाते व सैल होते, आणि ही लाट आपल्या कानाच्या पडद्यावर येऊन आदळते. दर सेकंदास होणाऱ्या कंपांची संख्या जितकी अधिक, तितका सूर उंच. आपल्याकडील संगीतविषयक पुस्तकांत मध्य षड्जाची कंपसंख्या २४० धरण्याचा प्रघात आहे. ती धरली तर तार षड्ज ४८०, पंचम ३६०, शुद्ध मध्यम ३२० आणि शुद्ध गंधार ३०० भरतो. म्हणजे षड्जाशीं त्यांचें नातें अनुक्रमें दुपटीचें, दिढीचें, एक-तृतीयांश अधिकाचें व सव्वापटीचें होय. आतां एखाद्या गृहस्थानें आपला षड्ज १२० वर धरला काय, अथवा त्याच्या नातवानें ३०० वर धरला काय, एकाचा पंचम १८० वर व दुसऱ्याचा ४५० वर पडून दिढीचें नातें अभंग राहतें. यावरून ध्यानांत येईल कीं, चाल म्हणजे स्वरांच्या परस्पर नात्यांची माळ होय. माळेंतील प्रत्येक मणी वर सरकविला तरी माळ तीच राहते. आपल्या गायनपद्धतींत षड्जाला कायमचें ठिकाण नेमून दिलेलें नाहीं, याचें मर्म हेंच. कोणी काळी एक पट्टींत गातो, कोणी काळी चारमध्यें गाते. ज्याच्या कंठाला जो मानवेल, तो त्याचा षड्ज.

परंतु नातें म्हटलें कीं तें जाणणारा कोणी तरी हवा. हवेंत नुसते कंप असतात. ३६० कंपांच्या लाटेला २४० कंपांच्या लाटेची ओळखदेख नसते. जाणणाऱ्याचें हें महत्त्व आपल्या पूर्वजांच्या लक्षांत आलेलें दिसतें. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयानें तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यांत नादाचें विवेचन येण्याच्या आधीं मनुष्यदेहाची उत्पत्ति व रचना वर्णिलेली आहे. पुढें तो सांगतो कीं, बोलूं इच्छिणारा आत्मा मनाला प्रेरणा देतो, मन देहांतील अग्नीला चेतवितें, अग्नि वायूला हालवितो, आणि तो वायु वर चढतां चढतां नाद प्रकट करितो. मंद्र नाद हृदयांत, मध्य कंठांत आणि तार मस्तकांत, व प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. आजच्या शरीरशास्त्राशीं हें वर्णन जुळत नाहीं हें खरें. तथापि वाऱ्याच्या आधीं मन, हा त्यांतील क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आतां कानांत शिरूं. कानाच्या पडद्यामागें तीन चिमुकल्या हाडांची सांखळी आहे, आणि तिच्या टोकाशीं गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारें अडीच वेढ्यांची एक नळी कवटीच्या अति कठीण हाडांत बसविलेली आहे. ही नळी उलगडली तर तिची लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यांत पातळ द्रव असून लांबीभर एक नाजूक पडदा ताणलेला असतो. हा पडदा दाराशीं अरुंद व ताठ, तर शंखाच्या शेंड्याकडे रुंद व सैल असतो. त्यामुळें उंच सुरांनीं त्याचा दाराकडील भाग हालतो आणि खर्जाच्या सुरांनीं शेंड्याकडील. जणूं निसर्गानें पेटीच्या पट्ट्या एका शंखांत गुंडाळून ठेवल्या आहेत! या पडद्यावर सुमारें साडेतीन हजार केशपेशी एका रांगेंत बसलेल्या असतात. ज्या ठिकाणचा पडदा हालेल तेथील पेशी आपला निरोप श्रवणनाडीवाटे मेंदूकडे धाडतात. ही पडद्यावरची लाट प्रत्यक्ष पाहून वर्णन करणारे हंगेरियन शास्त्रज्ञ बेकेशी यांना १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मौज अशी कीं, ते आरंभीं बुडापेस्ट येथें टपाल व दूरध्वनि खात्याच्या प्रयोगशाळेंत काम करीत असत, आणि यंत्राचा कान सुधारावयाचा तर मनुष्याचा कान कसा चालतो हें पाहिलें पाहिजे, या विचारानें या संशोधनाकडे वळले.

एवढ्यावर आमचा प्रश्न सुटला असें कोणास वाटेल. शंखांतील अमुक पट्टी हालली म्हणजे अमुक सूर, यांत अवघड तें काय? परंतु दूरध्वनीचेंच एक साधें उदाहरण ही समजूत ढांसळून टाकतें. प्रौढ पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर सामान्यतः १०० ते १३० कंपांच्या आसपास असतो. जुन्या तारेच्या दूरध्वनींतून मात्र सुमारें ३०० ते ३४०० एवढेच कंप पलीकडे जात. त्यांहून खालचे वाटेंतच गाळले जात. म्हणजे वडिलांच्या आवाजाचा जो पाया, तो आपल्या कानापर्यंत पोहोंचतच नसे. तरी दूरध्वनीवर बोलणारे वडील कधीं कोणाला मुलीसारखे बोलतांना ऐकूं आले आहेत काय? त्यांचा आवाज वडिलांच्याच सुरांत ऐकूं येई.

हें कसें घडतें? कोणताहि कंठ वा तार एकच सूर काढीत नाहीं. १०० कंपांच्या मूळ सुराबरोबर २००, ३००, ४००, ५०० असे दुपटी-तिपटीचे उपस्वर निघत असतात. मूळ सूर गाळला तरी ३००, ४००, ५०० हे उपस्वर मेंदूपर्यंत पोहोंचतात, आणि मेंदू त्यांच्यांतील समान अंतर पाहून निष्कर्ष काढतो कीं, यांचा मूळपुरुष १०० असला पाहिजे. वाळूंतील पावलांच्या ठशांवरून चालून गेलेल्या मनुष्याची चाल सांगावी, तसा हा प्रकार आहे. आणि नवल हें कीं, हें अनुमान आपल्याला अनुमान म्हणून भासत नाहीं, तो सूर साक्षात् ऐकूं येतो. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें बेंडॉर व वांग या शास्त्रज्ञांना २००५ सालीं मार्मोसेट जातीच्या लहान माकडांच्या मेंदूंत अशा पेशी आढळल्या, कीं ज्या शुद्ध मूळ सुराला जसा प्रतिसाद देत, तसाच मूळ सूर गाळून केवळ उपस्वर ऐकविले असतांहि देत. मनुष्यांविषयींचा पुरावा त्याहून जुना आहे. अपस्माराच्या उपायासाठीं ज्या रुग्णांच्या मेंदूंतील उजव्या कानशिलामागील श्रवणाचें मुख्य क्षेत्र कापून काढावें लागलें होतें, त्यांची परीक्षा कॅनडांतील माँट्रिऑल येथें रॉबर्ट झटोर यांनीं केली व १९८८ सालीं ती प्रसिद्ध केली. मूळ सूर हजर असला कीं त्या रुग्णांना चढउतार बरोबर कळे; तो गाळला कीं मात्र ते गोंधळून जात. कान तेच होते. हरवलें होतें तें गैरहजर सुराला हजर करणारें सामर्थ्य.

हें वाचीत असतांना मला आमच्या घरच्या तंबोऱ्याची आठवण झाली. माझ्या आत्याबाई नारायण पेठेंतील आमच्या जुन्या घरांत कित्येक वर्षें मुलींना गाणें शिकवीत आल्या आहेत. त्यांचा तंबोरा मिरजेच्या कारागिरांनीं घडविलेला आहे. त्याला तारा चारच: एक पंचमाची, दोन जोडीच्या षड्जाच्या आणि एक खर्जाची. गंधाराची तार त्यांत नाहीं. असें असूनहि तंबोरा सुरांत लागला व घोडीवरील जवारीचा दोरा नेमक्या ठिकाणीं बसला, म्हणजे आत्याबाई डोळे मिटून म्हणतात, “ऐक, गंधार बोलूं लागला.” यालाच आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात. हिशेबानें पाहिलें तर खर्जाची तार १२० वर असतांना तिचा पांचवा उपस्वर ६०० वर पडतो, आणि हाच तार सप्तकांतील गंधार. जवारीची करामत अशी कीं, ती असे उपस्वर विलक्षण खुलवून देते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा यांच्या घोडीवर निबंध लिहून दाखवून दिलें कीं, तार ज्या बिंदूवर छेडावी तेथें ज्या उपस्वराचें स्थिर स्थान असतें तो उपस्वर उमटूं नये, हा पाश्चात्त्य तंतुवाद्यांवरून बांधलेला नियम आपल्या या वाद्यांना लागू पडत नाहीं.

परंतु तंबोऱ्यांतून उपस्वर निघतात एवढ्यानें गंधार ‘ऐकूं’ येतोच असें नाहीं. पुष्कळ नवशिक्या मुलींना तो पहिले कित्येक महिने मुळींच ऐकूं येत नाहीं. नुसता गुंजारव ऐकूं येतो. मग एके दिवशीं तो एकाएकीं ऐकूं येतो, आणि एकदां ऐकूं आल्यावर पुन्हां नाहींसा होत नाहीं. त्या अवधींत तारा तशाच होत्या, कानांतील शंखहि तसाच होता. बदल झाला तो शोधणाऱ्याच्या अवधानांत.

गंधारावरूनच पुण्याच्या व आसपासच्या विद्वानांत एके काळीं मोठा खल झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर आपलें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांच्या प्रयोगांसाठीं, पुण्यांत पुढें आर्य संगीत विद्यालय चालविणारे खांसाहेब अब्दुल करीमखां यांनीं आपला कंठ उपलब्ध करून दिला होता. क्लेमंट्स नांवाच्या आय. सी. एस. अधिकाऱ्यानें तर श्रुतींची निराळी पेटी बनवून घेतली. वादाचें कारण साध्या पेटींत होतें. पेटींत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळें २४० च्या षड्जावर तिचा गंधार सुमारें ३०२.४ वर पडतो. तंबोऱ्याचा गंधार मात्र ३०० वर असतो. दोघे एकदम वाजले म्हणजे सेकंदास दोन-अडीच वेळां आवाजांत हेलकावा उठतो, आणि जाणत्या कानाला तो खुपतो. अशाच आक्षेपांमुळें १९४० सालीं नभोवाणीनें पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी केली. ती १९७१ सालापासून उठूं लागली. तथापि याच पेटीच्या साथीनें महाराष्ट्रांतील रसिकांनीं नाट्यसंगीत मनमुराद ऐकलें, हेंहि तितकेंच खरें. मेंदूची यांत दुहेरी वागणूक दिसते: ३०२ वरचा स्वर तो उदारपणें ‘गंधार’ म्हणून पदरांत घेतो, आणि त्याच वेळीं शिक्षित मनाच्या कानांत सांगतो कीं, हा किंचित् चढा आहे.

एका सुराची कथा येथवर झाली. आतां सुरांच्या माळेकडे वळूं. आपल्या साळुंखीच्या कुळांतील स्टार्लिंग नांवाच्या पक्ष्याला चढत्या व उतरत्या सुरावलींतील भेद शिकवितां येतो. परंतु तीच सुरावली शिकविलेल्या पट्ट्यांपासून पुष्कळ दूर, वर वा खालीं नेली कीं तो बिचारा घोटाळतो, असें १९८० नंतरच्या दशकांतील प्रयोगांत आढळलें. याच्या उलट सहा महिन्यांचें मनुष्याचें मूल पहा. आठवडाभर ऐकविलेली चाल निराळ्या पट्टींत वाजविली तरी तें ती ओळखीची म्हणूनच ऐकतें, असें कॅनडांतील संशोधकांनीं २००५ सालीं दाखविलें. जो पक्षी जन्मभर गातो त्याला न साधणारी गोष्ट, ज्या बाळाला अजून ‘आई’ म्हणतां येत नाहीं त्याला साधते! नात्यांची माळ ओळखण्याची शक्ति आपण पाळण्यांतच घेऊन येतों.

मेंदूच्या दोन अर्धांपैकीं या कामांत उजव्या अर्धाचा वांटा विशेष आहे. २०२० सालीं माँट्रिऑल येथें साथीशिवाय गायिलेलीं शंभर लहान गीतें घेऊन एक सुंदर प्रयोग करण्यांत आला. ध्वनींतील काळाचे बारकावे पुसट केले कीं ऐकणारांना शब्द कळेनासे होत, पण चाल कळे; सुरांचे बारकावे पुसट केले कीं चाल हरपे, पण शब्द कळत. मेंदूचें चित्रण केलें तेव्हां शब्दांचा भेद डाव्या बाजूस व चालीचा भेद उजव्या बाजूस उमटलेला दिसला. रशियांतील संगीतकार शेबालिन यांची हकीकत तर हृदय हेलावणारी आहे. १९५९ सालीं मेंदूच्या दुसऱ्या आघातानें त्यांची वाणी गेली. दुसऱ्याचें बोलणेंहि त्यांना नीट उमजेना. तरीपण त्यांनीं संगीतरचना सोडली नाहीं, आणि १९६३ सालीं मृत्यु येण्यापूर्वीं आपली पांचवी सिंफनी त्यांनीं पुरी केली. आपल्याकडेहि अर्धांगवायूनें बोलणें बंद झालेला एखादा वृद्ध, पाठ असलेला अभंग चालीवर धरून दिला म्हणजे शब्दांसकट म्हणूं लागतो, हा अनुभव कित्येक घरांतून आलेला असतो.

मात्र उजवा अर्ध म्हणजे संगीताची पेटी व डावा म्हणजे भाषेची, इतकी सरळ वांटणी समजूं नये. चाल ऐकतांना स्मरण, अपेक्षा, आनंद असे मेंदूचे अनेक कारभारी एकाच वेळीं कामाला लागतात. भूप आणि देशकार या दोन रागांचें उदाहरण घ्या. दोहोंचे स्वर अगदीं तेच: षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम, धैवत. तरी भूप गंधाराभोंवतीं शांतपणें नांदतो आणि देशकार धैवतावर उजळतो. आणि जाणता श्रोता दोन-चार स्वरांतच एकाला संध्याकाळचा व दुसऱ्याला सकाळचा म्हणून ओळखतो. पुढें कोणता स्वर येईल याचा अंदाज मेंदू क्षणोक्षणीं बांधीत असतो, आणि गायक तो कधीं पुरवितो, कधीं लांबवितो, कधीं चुकवितो. १९५३ सालापासून पुण्यांत भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवांत मीं हें डोळ्यांनीं पाहिलें आहे. गायक षड्जावर येऊन थांबण्याच्या निमिषभर आधींच मंडपांतील माना हालूं लागतात. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें दिसलें कीं, आवडत्या संगीतांतील परमोच्च क्षणीं मेंदूंत डोपामीन नांवाचें सुखाचें द्रव्य स्रवतें, इतकेंच नव्हे तर त्या क्षणाची चाहूल लागतांच मेंदूच्या निराळ्या भागांत तें आधींच स्रवूं लागतें. वाट पाहण्यांतहि सुख आहे हें भक्तांनीं व मातांनीं केव्हांच जाणलेलें होतें.

आतां त्या मुलीची हकीकत सांगतों. माझी पुतणी नऊ वर्षांची असतांना तिच्या शाळेंत संमेलनाच्या समूहगीताची तयारी चालली होती. तेथें तिला सांगण्यांत आलें, “तूं नुसते ओठ हालव, आवाज काढूं नकोस.” सांगणाराच्या मनांत दुष्टावा नसेल, कार्यक्रम चांगला व्हावा एवढीच इच्छा असेल. मुलगी आज्ञाधारक. तिनें संमेलनांत ओठ हालविले, आणि पुढें घरींहि ती तेंच करूं लागली. गणपतींत सर्वजण टाळ घेऊन आरती म्हणत असतां ही ओठ हालवीत उभी राही. दुसऱ्या कोणाच्या तें लक्षांत आलें नाहीं, आत्याबाईंच्या आलें.

‘बेसूर’ हा शब्द आपण किती सहज उच्चारतों! शास्त्र मात्र या बाबतींत फार जपून बोलतें. जन्मतःच ज्यांच्या मेंदूला चाल ओळखतां येत नाहीं, शब्द काढून घेतले तर राष्ट्रगीत व पाळणा ज्यांना सारखेच भासतात, असे लोक खरोखर असतात. पण ते शंभरांत एक-दोन. श्रवणाचें क्षेत्र व वाणीचें क्षेत्र यांना जोडणारी कमानदार तंतूंची एक जुडी मेंदूंत आहे. अशा लोकांत ती दुबळी असते, असें २००९ सालीं बॉस्टन येथील संशोधनांत दिसून आलें. पण ज्यांना जग बेसूर म्हणतें, त्यांतील बहुतेकांना सूर चांगला ऐकूं येतो. दुसऱ्याचा सूर चुकला तर ते तत्काळ ओळखतात. त्यांचें अडतें तें कानाचा निरोप कंठापर्यंत पोहोंचविण्यांत. आणि ती वाट वापरानें रुळते.

आत्याबाईंनीं यांतील एकहि निबंध वाचलेला नव्हता. त्यांनीं पेटी बाजूस सारली आणि मुलीला म्हटलें, “तूं माडीवरून आईला हांक मारतेस ना, तशी मार बघूं.” मुलीनें हांक मारली. ती हांक जेथें जाऊन टेंकली, त्या सुराला त्यांनीं खुंट्या पिळून व मणी सरकवून तंबोरा लावला आणि म्हणाल्या, “हा तुझा षड्ज. आतां हा तंबोरा तुझ्या मागून चालेल.” पहिले कित्येक दिवस तिनें भोपळ्यावर तळहात ठेवून तो एकच सूर धरावा, एवढाच पाठ होता. सूर ढळला तर आत्याबाई “चुकलीस” असें म्हणत नसत, त्या विचारीत, “तूं वर आहेस कीं खालीं?” आणि मुलगी दर खेपेस बरोबर उत्तर देई! तें उत्तर ऐकतांना मला भरून आलें. कारण त्याचा अर्थ स्पष्ट होता: तिचा कान शाबूत होता, मेंदूंतील न्यायाधीश जागा होता, फक्त त्याचा हुकूम अजून कंठाला पाळतां येत नव्हता. पुढें पंचम आला, मग गंधार. वर्षभरानें ती पांच स्वरांत विश्वासानें फिरूं लागली. तार सप्तकांत तिचा आवाज अजूनहि चिरकतो, आणि ती गायिका होईल असें भाकित कोणी करीत नाहीं. तिलाहि तशी हौस नाहीं. परंतु आज ती घरांत वावरतांना गुणगुणते, आणि बाहेरच्या खोलींत बसून मी तें ऐकत राहतों.

तेव्हां सूर कोठें असतो, या प्रश्नाचें मला मिळालेलें उत्तर असें आहे. तारेंत कंप असतात, कानांत त्यांची गाळणी असते. सूर व चाल या मेंदूनें त्या कंपांत शोधून काढलेल्या नात्यांत असतात. हीं नातीं ओळखण्याची शक्ति जवळजवळ प्रत्येक बालकाला जन्मतः लाभलेली आहे, आणि तीं कंठांत उतरविण्याचें कसब मात्र प्रेमानें व धीरानें शिकवावें लागतें. जें शिकवितां येतें, त्याच्या अभावाला कोणाच्या कपाळीं लिहिलेला दोष मानणें अन्यायाचें होय. शिक्षा म्हणून दिलेलें मौन त्या वाटेवरील वाहतूकच बंद पाडतें, आणि न वापरलेली वाट रुळावी कशी?

विद्यार्थिमित्रहो, संधि मिळेल तेव्हां तंबोऱ्यापाशीं पांच मिनिटें डोळे मिटून बसा व त्यांतला न छेडलेला गंधार शोधा. पहिल्या दिवशीं सांपडला नाहीं तर पुन्हां बसा. आणि संमेलनाच्या तयारींत एखादा मुलगा मागल्या रांगेंत नुसते ओठ हालवीत असलेला दिसला, तर त्याला जवळ घेऊन विचारा कीं, बाबा रे, तुझी पट्टी कोणती?